रुईच्या घरातला कळंब

सासूबाईंनी मला घराचं देवक सांगितलं तेव्हा मी आरशात बघत होते. लग्नाला पंधरा दिवस झाले होते. नथ काढून ठेवली होती, पण नाकाचं भोक सुजल्यासारखं वाटत होतं आणि त्या वेळी जगात त्याहून मोठा प्रश्न माझ्यापुढे नव्हता.

"ऐकतेस का गं? आपलं देवक रुई. ध्यानात ठेव. मी काय जन्मभर पुरणार नाय."

मी आरशातूनच म्हणाले, "रुई? उकिरड्यावर उगवते ती?"

"हां, तीच. कुणी पाणी घालत नाय, कुणी खत घालत नाय, जिथं टाकाल तिथं उगवते. सुनेसारखी."

हे वाक्य इतकं सुरेख होतं हे कळायला मला स्वतः सासू व्हावं लागलं. त्या दिवशी मात्र मी नाक मुरडलं, आणि ते दुखलं. मी मॅट्रिक झालेली होते. गावात 'आमी' म्हणत, मी 'आम्ही' म्हणायचे, त्यातला ह असा ठासून की समोरच्याला वारा लागावा. असल्या मुलीने देवकं लक्षात ठेवायची असतात का? मी ते कानाआड केलं, आणि कानाआड केलेलं आमच्या घरात कोण सांभाळून ठेवणार?

ज्यांच्या घरी ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. देवक म्हणजे कुळाची खूण. कुणाचं एखादं झाड, कुणाचा वेल, कुणाचं मोरपीस. लग्नाआधी ते मांडवात बसवून पुजायचं. त्या झाडाला एरवी कोयता लावायचा नाही. आणि मुख्य म्हणजे, ज्यांचं देवक एक, त्यांचं रक्त एक. आडनावं वेगळी असोत, गावं वेगळी असोत, एका देवकाची मुलंमुली बहीणभाऊ. त्यांच्यात सोयरीक होत नाही. देवक बापाकडून येतं. पोरगी लग्न करून गेली की बापाचं देवक सोडते आणि नवऱ्याचं घेते. माझं माहेर ओवे गावातलं, वडिलांचं देवक कळंब. घरामागे मोठा कळंब होता. पिवळ्या चेंडूंसारखी फुलं यायची आणि आम्ही ती एकमेकींना फेकून मारायचो. त्या झाडाचं पान जरी तोडलं तरी वडील आधी हात जोडायचे. असं देखणं झाड सोडून मी रुईची झाले होते. आणि मला ते पटलेलं नव्हतं, एवढंच.

पुढे आम्ही पनवेलला राहायला आलो. सासूबाई गेल्या. मुलगा मोठा झाला आणि त्याचं लग्न ठरलं. हॉलमध्ये भटजी सूप पुढे ओढून म्हणाले, "देवक कुठलं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने भिंतीकडे पाहिलं. पुरुषांच्या बापांची देवकं असतात, पण ती त्यांना माहीत नसतात. तो हळूच म्हणाला, "तुला ठाऊक असेल ना? आई तुलाच सांगायची सगळं." गावाकडची मंडळी टेम्पोतून निघाली होती, पण टेम्पो वाटेत कुठेतरी बंद पडला होता. भटजींचा मुहूर्त टळत होता. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "कळंब."

मी मुद्दाम केलं नाही. खरंच आठवलं नाही. तोंड उघडलं आणि आतून माहेर बाहेर आलं. एवढ्यापुरती मी निर्दोष आहे. पुढचं मात्र ऐका.

संध्याकाळी वऱ्हाड जेवत असताना, हातात बुंदीचा लाडू असताना, मला आरसा आठवला. सुजलेलं नाक आठवलं आणि सासूबाईंचा आवाजही ऐकू आला. सुनेसारखी. पहिल्यांदा मी काय केलं असेल, तर जाऊन विहीणबाईंना गोड बोलून त्यांचं देवक विचारून आले. पंचपल्लव निघालं. रुई निघाली असती तर मी तिथेच बसले असते. मग मी कोपऱ्यातल्या सुपाशी गेले. कळंबाची पानं होती, जरा मलूल झालेली. त्याच वर्षी माझे वडील गेले होते. ओव्याच्या घरामागचा कळंब तर त्याआधीच गेला होता, रस्त्याच्या आखणीत. मी त्या पानांवरून हात फिरवला आणि ठरवलं, की राहू दे. कुणाला सांगायचं नाही.

तर अशी मी, घराचं कुळच बदलून टाकलेली, तीसेक वर्षं साळसूदपणे वावरत होते.

सून आली ती फार रीतभातीची. मी जे विसरले ते ती शिकून घ्यायची. "आई, आपलं देवक कळंब ना?" असं तिने एकदा विचारलं, मी मान हलवली, आणि तिने सोसायटीच्या बागेत कळंबाचं रोप लावून घेतलं. रोज सकाळी फिरायला जाताना त्याला हात जोडते. झाड आता तिसऱ्या मजल्यापर्यंत आलं आहे. मुलगा सोसायटीचा सेक्रेटरी. दर वर्षी पावसाच्या आधी माणसं लावून तो कंपाउंडलगतचं सगळं रान साफ करून घेतो, आणि त्या रानात सगळ्यात जास्त काय असतं? रुई. मी बाल्कनीतून बघायची. ज्याला हात लावायचा नाही त्यावर कोयता चाललाय आणि ज्याचा आमच्याशी संबंध नाही त्याला नमस्कार. एकदा मी म्हणाले, "अरे, ती रुई राहू दे की, शनिवारी मारुतीला लागते." तो म्हणाला, "आई, मच्छर होतात." रुईने मच्छर होतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. गप्प बसले. गप्प बसायची सवय झाली होती.

मग गेल्या वर्षी नातीने स्वतःच मुलगा आणला.

मुलगा कळंबोलीचा. दोघं एकाच कंपनीत. मुलाचे वडील लोखंडबाजारातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. पोरगा मला बघताक्षणी आवडला, कारण त्याने माझा चहा गार झालेला पाहिला आणि न विचारता गरम करून आणला. त्यांच्याकडची मंडळी बोलणी करायला आली. सोबत मुलाची आजी होती, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी, काठी घेऊन चालणारी. तिने नातीला जवळ बसवलं, तिची हनुवटी धरली, म्हणाली, "माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय हे बरं झालं. नीट दिसतेस." सगळे हसले. पोहे झाले. हॉल कुठला, जेवण काय, सगळं जुळलं. आणि निघता निघता म्हातारीने विचारलं, "देवक काय म्हणालात तुमचं?"

माझ्या मुलाने छाती काढून सांगितलं, "कळंब."

म्हातारीने हातातली काठी दुसऱ्या हातात घेतली. "आमचंपण कळंबच," ती म्हणाली.

मुलाचे वडील म्हणाले, आजकाल कोण बघतं. पोरगा म्हणाला, रजिस्टर करू. म्हातारी भांडली नाही. भांडली असती तर सोपं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "पोर गोड आहे. तुम्ही करा लग्न, मी अडवत नाही. पण बहीणभावाच्या डोक्यावर अक्षता टाकायला माझा हात उठायचा नाही." जाताना नात तिच्या पाया पडली. म्हातारीचा हात नातीच्या डोक्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

ते लोक गेल्यावर सून म्हणाली, "करू दे ना रजिस्टर. हल्ली चालतं." पण बोलताना ती खिडकीतून त्या कळंबाकडे बघत होती. नात माझ्या खोलीत येऊन बसली. म्हणाली, "आजी, लग्न होईल गं. ते नाही म्हणत नाहीत. पण मी त्या घरात जाणार, त्या आजी रोज समोर असणार, आणि रोज मला त्यांचा तो थांबलेला हात दिसणार. असं नको वाटतंय मला." आणि मग ती म्हणाली, "नकोच करू का मग?"

दोन दिवस मी काही बोलले नाही. आता तुम्ही म्हणाल, एका वाक्याचं काम होतं. होतंच. पण ते वाक्य बोललं की मुलाचं लग्न भलत्याच देवकापुढे लागलं हे त्याला कळणार, सुनेचं तीस वर्षांचं हात जोडणं फुकट जाणार. आणि खरं सांगू का, माझं एवढंसं माहेर त्या घरातून जाणार होतं. म्हातारपणी माणूस समजूतदार होतं असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

तिसऱ्या दिवशी नातीने त्या पोराचा फोन उचलला नाही. फोन टेबलावर थरथरत होता आणि ती त्याच्याकडे बघत बसली होती. मी सुनेला हाक मारली, मुलाला समोर बसवलं, आणि सगळं सांगितलं. आरशापासून.

मुलगा उठून बाल्कनीतून कंपाउंडकडे बघून आला. मग म्हणाला, "म्हणजे मी दर वर्षी माझंच देवक कापून घेतो?"

"सोसायटीच्या खर्चाने," मी म्हणाले.

सून म्हणाली, "आई, तुम्ही तरी." एवढंच. मी ते अजून जपून ठेवलंय. याहून जास्त बोलली असती तरी मी ऐकून घेतलं असतं.

पण मुलाने खरी अडचण काढली. "कोण विश्वास ठेवेल? लग्न अडलं आणि तिसऱ्या दिवशी यांचं देवक बदललं. त्यांना वाटेल, आजीने नातीसाठी बनवून सांगितलं." बरोबर होतं. माझ्या शब्दाला मीच किंमत ठेवली नव्हती. नवरा नाही, दीर नाहीत. राहिली एकच, माझी थोरली नणंद. नेऱ्याला दिलेली.

नातीच्या स्कूटीवर मागे बसून मी नेऱ्याला गेले. नातीने हेल्मेट घालायला लावलं. त्या वेळी मला कुणी ओळखलं नाही हे बरंच झालं. नणंदबाई पडवीत बसून बिरड्याचे वाल सोलत होत्या. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वयनी. मी शेजारी बसले, दोन वाल सोलले आणि विचारलं, "वन्सं, आपल्या घराचं देवक कुठलं?"

"रुई. का गं? कुनाचं लगीन?"

"मग माझ्या मुलाच्या लग्नात मी—"

"कळंब लावलंस. माईत हाय मला."

माझ्या हातातला वाल निसटून खाली गेला. त्यांनी तो उचलला, पुसला, परातीत टाकला.

"टेम्पो बंद पडला म्हणून आमी उशिरा आलो," त्या म्हणाल्या. "बघते तर सुपात कळंब. म्हटलं, आता हिला चार लोकांत धरते. तर तू पानांवर हात फिरवीत व्हतीस. लहान वासराच्या पाठीवर फिरवतात ना, तसा. तुझा बाप गेला व्हता त्या साली. म्हटलं, जाव दे."

"आणि आपलं देवक? ते तसंच राहिलं?"

"तसंच कसं राहील? घरी आल्यावर मी दारातल्या रुईला हळदकुंकू लावलं. म्हटलं, आमची वयनी शिकलेली हाय, तिला कळत नाय. रागवू नको."

नात फिस्सकन हसली. मी हसले नाही. मला एवढंच दिसत होतं, की मी तीस वर्षं जे गुपित म्हणून उराशी धरून बसले होते, ते या बाईने त्याच दिवशी निस्तरून टाकलं होतं आणि कधी टोमणासुद्धा मारला नव्हता. तसे इतर बाबतीत तिचे टोमणे कमी नव्हते.

नात म्हणाली, "आत्याआजी, तुमचं लग्न होऊन किती वर्षं झाली. तुमचं देवक आता सासरचं ना? मग हे कसं लक्षात राहिलं?"

"सोडून यावं लागलं म्हणून तर पाठ राहिलं," नणंदबाई म्हणाल्या. "जे घरातच राहतात त्यांना कशाला पाठ करायला पायजे? इचार तुझ्या बापाला."

रविवारी आम्ही कळंबोलीला गेलो. नणंदबाईंनी नवी साडी नेसली होती आणि हातात एक जुनं पिवळं लुगडं गुंडाळून घेतलं होतं. बाहेर ट्रकांची वर्दळ, त्यांच्या घरात टीव्ही, पण म्हातारीने खूण केली आणि टीव्ही बंद झाला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. नाक सुजलं होतं तेही सांगितलं. मुलाची आई तोंडावर पदर धरून हसू दाबत होती. म्हातारी हसली नाही. नणंदबाईंकडे वळून म्हणाली, "तुम्ही यांच्या नणंद. भावजयीची बाजू घ्यायला आलात?"

"भावजयीची?" नणंदबाई म्हणाल्या. "आख्ख्या पनवेलात इचारा, मी हिची बाजू कधी घेतलीय का. मी बापाची बाजू घ्यायला आलेय. माझ्या बापाचं देवक रुई." आणि त्यांनी ते लुगडं उलगडलं. "माझ्या हळदीचं. मांडवात आईने रुई तोडली नि चीक सांडला. हा बघा डाग."

लुगड्यावर काळपट डाग होता. तो कशाचाही असू शकत होता. म्हातारीने त्यावर बोट ठेवलं, मग नाकाशी नेलं, जणू इतक्या वर्षांनी वास येणार होता. आणि म्हणाली, "हळदीचं अजून ठेवलंय तुम्ही?"

"तुमचं नाय?"

"ठेवलंय."

यानंतर त्या दोघी जे बोलल्या त्यात देवक फारसं नव्हतं. कुणाचं लुगडं कुठून आणलं, कुणाच्या लग्नात कोण रुसलं. मग मध्येच म्हातारी माझ्याकडे वळली. "म्हणजे कळंब तुमच्या माहेरचा. मग तुम्ही आमच्या घरच्या लेक लागता. माझी नणंद झालात की." तिच्या तोंडावर पहिल्यांदा जरा मिस्किल काहीतरी आलं. "आणि नणंदेची नात परत याच घरात येणार. वेल परत फिरू नये म्हणतात हो आमच्यात."

नात माझा हात दाबून बसली होती. तिची नखं रुतली.

"ते सख्ख्या भावाबहिणींत बघतात," नणंदबाई म्हणाल्या. "आणि ही वेल कुठची? ही रुईची. रुईची म्हातारी बघितली नाय का, पांढरी, कापसासारखी? वारा नेईल तिकडे जाते. तिला परत फिर कोण सांगणार?"

म्हातारी खळखळून हसली. काठी भिंतीला टेकवली आणि नातीला म्हणाली, "इकडे ये गं." नात उठली, वाकली. या वेळी हात मध्ये थांबला नाही. डोक्यावर ठेवून तिने तो बराच वेळ काढलाच नाही, इतका, की नातीची कंबर दुखली असेल.

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या घरी देवक बसलं. मुलगा सकाळीच कंपाउंडशी गेला. त्या वर्षी त्याने साफसफाई लांबवली होती. मी बाल्कनीतून पाहिलं, तो रुईपुढे हात जोडून उभा होता आणि वॉचमन त्याच्याकडे काळजीने बघत होता. पानं आणताना चीक त्याच्या नव्या झब्ब्यावर सांडला. सून ओरडणार होती, मग थांबली, म्हणाली, "राहू दे. धुवायला टाकू नका." नणंदबाई सुपापाशी पहाऱ्यासारख्या बसल्या होत्या. टेम्पो बंद पडायला नको म्हणून आदल्याच दिवशी येऊन राहिल्या होत्या.

दुपारी कळंबोलीहून मला फोन आला. म्हातारीचा. म्हणाली, "आमचं देवक बसतंय. घरची लेक लागते हळद लावायला. आमच्या लेकी सगळ्या लांब. याल का?"

वधूची आजी, तीही नवरा गेलेली, नवरदेवाच्या मांडवात हळद लावायला जाते, हे कुणाच्या रीतीत बसतं मला माहीत नाही. मी गेले. सुपात कळंबाची पानं होती, ताजी, आणि एक फूल. मी हळद घेतली आणि वडिलांसारखे आधी हात जोडले. या वेळी कुणाला फसवत नव्हते. म्हातारी शेजारी उभी राहून म्हणाली, "नीट लावा. आणि कुणी विचारलं तर खरं सांगा."

घरी आले तर नणंदबाई नातीला समोर बसवून विचारत होत्या, "बापाचं?"

"रुई."

"नवऱ्याचं?"

"कळंब. आत्याआजी, मी लिहून ठेवलंय फोनमध्ये."

"फोन मोडल्यावर? परत म्हण."

नात परत म्हणाली. तिच्या हातात छोटा आरसा होता, मेंदीवाली यायची होती. नणंदबाईंनी तो काढून घेतला आणि न बघता माझ्याकडे दिला.